घोडा गप्प उभा राहतो तेव्हा

पाचशे किलोचा घोडा, मागचे पाय झाडणारा, डोळ्यांतलं पांढरं दाखवणारा, सुई दिसली की मागे सरणारा. त्याच्या समोर एक माणूस येतो. हातात दीड-दोन हाताची काठी आणि काठीच्या टोकाला दोरीचा छोटा फास. तो घोड्याचा वरचा ओठ मुठीत धरतो, फासात घेतो आणि काठी फिरवून दोरीला पीळ देतो. मग जे होतं ते पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. घोड्याच्या पापण्या अर्ध्या मिटतात, मान खाली येते, खालचा ओठ सैल लोंबू लागतो. आता डॉक्टर सुई टोचू शकतात, जखमेला टाके घालू शकतात, नाकातून नळी थेट पोटापर्यंत घालू शकतात. घोडा उभाच असतो, पण मघाचा घोडा जणू तिथून निघून गेलेला असतो.

या साधनाला ट्विच म्हणतात. घोडेवाल्यांना ते शतकानुशतकं ठाऊक आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याचं एकच स्पष्टीकरण दिलं गेलं: ओठ इतका दुखतो की घोड्याचं लक्ष सुईकडे जातच नाही. ऐकायला पटतं. पण ज्याला दुखतंय तो पेंगतो कसा? वेदनेनं जीव कासावीस झालेल्या प्राण्याचा ओठ सैल कसा पडेल?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आधी घोड्याची भीती समजून घ्यावी लागते. उघड्या माळावर पळून जीव वाचवणं हेच या प्राण्याचं लाखो वर्षांचं शस्त्र. त्याचे डोळे जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी आहेत आणि डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला मान न वळवता जवळपास चहूबाजूंचं दिसतं. फक्त शेपटीच्या थेट मागे आणि कपाळापुढे, नाकाच्या अगदी खाली त्याला दिसत नाही. नाकाखालची ती आंधळी जागा वरचा ओठ आणि त्यावरच्या राठ मिशा सांभाळतात. गवताच्या जुडीतून नको ती काडी बाजूला सारणारा हा ओठ म्हणजे घोड्याचा हातच आहे. ट्विच नेमका या हाताला धरतो.

आणि हृदय! निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. कानाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं तर कित्येक धडधाकट घोड्यांचं हृदय मध्येच एक ठोका गाळतं. ठक, ठक, ठक, मग शांतता, आणि पुन्हा ठक. माणसात असं ऐकू आलं तर डॉक्टर पुढच्या तपासण्या लिहून देतील. घोड्यात मात्र बहुतेक वेळा तो आजार नसतो, निवांतपणाची खूण असते. हृदयाला सबुरीनं घ्यायला लावणारी व्हेगस नावाची नस इतकी वरचढ झालेली असते की एखादा विद्युत्‌संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाही. पत्र्याचा आवाज झाला, घोडा दचकला, की गाळलेले ठोके गायब होतात आणि काही क्षणांत नाडी दुप्पट-तिप्पट होते. जीव खाऊन पळताना ती २२० च्याही वर जाते. इतका मोठा पल्ला असलेलं हृदय या प्राण्याच्या छातीत असल्यामुळेच, गप्प उभ्या घोड्याच्या आत काय चाललंय हे जाणण्याची एक खिडकी माणसाला मिळाली.

त्या खिडकीतून डोकावलं नेदरलँड्समधल्या संशोधकांनी. १९८४ साली लागेरवेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात ट्विचवरचा छोटासा शोधनिबंध छापला. तेव्हा एंडॉर्फिनचा शोध ताजा होता. शरीर स्वतःच अफूसारखी वेदनाशामक द्रव्यं बनवतं हे कळून दहा वर्षंही झाली नव्हती. त्यांनी पाहिलं की ट्विच लावल्यावर घोड्याची नाडी वाढत नाही, उलट उतरते. वेदना देणारा स्पर्श केला तर ती चढते खरी, पण ट्विच नसताना जेवढी चढते तेवढी नाही. रक्तात बीटा-एंडॉर्फिन वाढलेलं सापडलं. नॅलोक्सोन हे औषध अफूजन्य द्रव्यांचा परिणाम मोडून काढतं, आणि त्याच्या प्रयोगांनीही एंडॉर्फिनकडेच बोट दाखवलं. लक्ष दुसरीकडे वेधणारी वेदना हे जुनं स्पष्टीकरण त्यांनी नाकारलं आणि ट्विचचं नातं ॲक्युपंक्चरशी जोडलं. ओठाच्या कातडीतल्या संवेदना मेंदूतली वेदना दाबणारी यंत्रणा जागी करतात, असं त्यांचं म्हणणं.

घोडेवाल्यांना हायसं वाटावं असाच हा निष्कर्ष होता. म्हणजे ट्विच क्रूर नाही, घोड्याला बरंच वाटतं! पुढे वर्षानुवर्षं हे असंच सांगितलं गेलं. मला मात्र या कथेतला सर्वांत चित्तवेधक भाग इथून पुढे सुरू होतो असं वाटतं, कारण एंडॉर्फिनच्या जन्माची हकिकत इतकी सरळ नाही.

मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी ग्रंथी असते. तिथे एक लांबलचक रेणू तयार होतो. त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं काम मिळतं. एक तुकडा बीटा-एंडॉर्फिन, वेदना शमवणारा. दुसरा तुकडा एसीटीएच. तो रक्तातून मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीपर्यंत जातो आणि तिला कॉर्टिसॉल सोडायला सांगतो. कॉर्टिसॉल म्हणजे तणावाचं संप्रेरक. दोघं एकाच आईची लेकरं आणि ताणाच्या वेळी अनेकदा एकत्रच घराबाहेर पडतात. मग रक्तात एंडॉर्फिन वाढलेलं दिसलं तर घोडा सुखावलाय असं म्हणायचं, की त्याच्यावर इतका ताण आलाय की शरीरानं आपली शेवटची ढाल बाहेर काढलीय?

अशी ढाल खरोखर असते. १८४४ साली आफ्रिकेत मबोत्सा इथे डेव्हिड लिव्हिंग्स्टन या धर्मप्रसारक-प्रवाशावर सिंहानं झडप घातली. खांद्याला धरून सिंहानं त्याला हिसडे दिले, दंडाचं हाड मोडलं. पुढे १८५७ साली आलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यानं लिहून ठेवलं की त्या क्षणी त्याला ना वेदना जाणवली ना भीती. एक प्रकारची गुंगी आली होती, आणि काय घडतंय ते सगळं कळत होतं. सिंहाच्या जबड्यात सापडलेल्या प्रत्येक प्राण्याला बहुधा हीच सवलत मिळत असावी, असा त्याचा तर्क होता. घोडा तर सिंहाचं जन्मजात भक्ष्य. तोंडाला घट्ट पकड बसल्यावर त्याच्या मेंदूत हेच प्राचीन दार उघडत असेल, तर ओठ सैल सोडून पेंगणारा घोडा आणि सिंहाच्या जबड्यातला लिव्हिंग्स्टन यांच्यात अंतर फार थोडं उरतं. या विचारानं पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि आजही येतो.

बराच काळ हा प्रश्न असाच लोंबकळत राहिला. मग २०१७ साली फ्लाकोल, अली आणि साब या संशोधकांनी एक साधी गोष्ट केली: घड्याळ लावलं. घोड्याच्या वरच्या ओठाला ट्विच लावून त्यांनी नाडीचा वेग मोजला आणि दोन ठोक्यांमधलं अंतर किती लवचीक आहे हेही मोजलं. निवांत शरीरात हे अंतर सतत कमी-जास्त होत राहतं. ताण आला की ठोके लष्करी कवायतीसारखे एका मापात पडू लागतात. पहिल्या पाच मिनिटांत नाडी उतरली आणि ठोक्यांमधली लवचीकता वाढली. म्हणजे १९८४ चं निरीक्षण खरं होतं. पण पाच मिनिटांनंतर चित्र उलटलं. नाडी चढू लागली, लवचीकता घटली. बाहेरून घोडा मघासारखाच उभा आणि आत मात्र धोक्याची घंटा वाजू लागलेली. सगळ्यांत कळीची गोष्ट ही, की ही वेळ उलटून गेल्याचं घोडा ओरडून सांगत नाही.

त्याच संशोधनात कानाचीही परीक्षा झाली. काही ठिकाणी ओठाऐवजी घोड्याचा कान पिरगाळून त्याला आवरतात. ओठ आणि कान, दोन्ही नाजूक, दोन्हीकडे पीळ, म्हणून परिणाम सारखाच असेल असं वाटतं. पण कान पिरगाळला की नाडी पहिल्या क्षणापासून चढली, लाळेत कॉर्टिसॉल वाढलं, आणि त्यानंतर त्या घोड्यांना हाताळणं अधिक अवघड झालं. ओठाला मिळणारी पाच मिनिटांची सवलतही कानाला नाही. तिथे घोडा थांबतो तो निव्वळ दहशतीनं. ज्या कुणाच्या तबेल्यात अजून ही रीत असेल त्यानं ती आजच बंद करावी, असं मला कसलाही आडपडदा न ठेवता म्हणायचंय.

दाब आणि शांतता यांचं नातं मात्र नेहमीच असं काळोखी नसतं. काही शिंगरं जन्मल्यावर आईला ओळखत नाहीत. तिच्या कासेकडे जाण्याऐवजी भिंतीशी डोकं लावून भ्रमिष्टासारखी फिरत राहतात. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जॉन मॅडिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागचा एक तर्क मांडला. गर्भात असताना शिंगराला झोपेत ठेवणारी काही द्रव्यं त्याच्या रक्तात असतात, नाहीतर ते पोटातच दौडू लागेल आणि आईला इजा करेल. जन्मताना जननमार्गातून जाताना छातीवर पडणारा दाब हा जागं होण्याचा इशारा असतो. प्रसूती फार झटपट झाली तर हा इशारा नीट पोचत नाही आणि शिंगरू जन्मूनही अर्धवट गर्भातच राहतं. त्यांनी मऊ दोरीचे वेढे शिंगराच्या छातीभोवती घेतले आणि साधारण वीस मिनिटं हळुवार दाब ठेवला. शिंगरू आडवं होतं, झोपी जातं, नाडी आणि श्वास मंदावतात, वेदनेची जाणीव बोथट होते. दोरी सोडली की त्यातली काही शिंगरं उठतात आणि सरळ आईकडे चालू लागतात. म्हणजे दोरी तीच, निश्चलताही वरवर तीच. एकीकडे सिंहाचा जबडा, दुसरीकडे जन्माची वाट.

म्हणून ‘घोडा शांत उभा होता’ हे वाक्य आता माझ्यासाठी माहितीचं वाक्य राहिलेलं नाही. इंग्लंडमधल्या एका अभ्यासानं तर ते पारच डळमळीत केलं. थंडीत वाढलेले केस यंत्रानं कापणं हा अनेक घोड्यांच्या नावडीचा कार्यक्रम. काही घोडे धिंगाणा घालतात, काही निमूट उभे राहतात. केली यार्नेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दोन्ही प्रकारच्या घोड्यांच्या अंगावरून नुसतंच आवाज करणारं यंत्र फिरवलं, केस कापले नाहीत. लाळेतलं कॉर्टिसॉल तपासलं, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं डोळ्याचं तापमान पाहिलं, कारण ताण आला की डोळ्याभोवतीचा रक्तप्रवाह बदलतो. दोन्ही गटांच्या वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. शरीरानं दिलेल्या उत्तरांत तसा फरक सापडला नाही. गुणी म्हणून ज्याची पाठ थोपटली जाते तो घोडाही आतून तितकाच हादरलेला होता. त्यानं फक्त ते दाखवणं सोडून दिलं होतं.

मग ते ओळखायचं कसं? चेहऱ्यावरून बरंच कळतं. २०१४ साली इमानुएला दाल्ला कोस्ता आणि सहकाऱ्यांनी खच्चीकरणाची शस्त्रक्रिया झालेल्या घोड्यांचे चेहरे आधी आणि नंतर बारकाईनं पाहिले आणि वेदनेच्या सहा खुणा निश्चित केल्या. कान ताठर होऊन मागे वळतात, पापण्या आवळतात, डोळ्यावरच्या हाडाभोवती ताण दिसतो, चावण्याचे स्नायू उठून दिसतात, ओठ आवळले जाऊन हनुवटी पुढे येते, नाकपुड्या ताणल्या जाऊन नाकाची रेघ सपाट होते. प्रत्येक खुणेला शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे. जुन्या जाणत्या मोतद्दाराला हे सगळं नजरेनंच कळत असणार. फरक एवढाच, की आता ते मापात बसवता येतं आणि नवख्यालाही शिकवता येतं. अडचणही तितकीच खरी आहे. ओठाला पीळ दिलेला असताना चेहरा वाचणार कुठून? अर्धी लिपी आपणच पुसलेली असते.

रक्तही सगळं सांगतं असं नाही, कधीकधी ते फसवतंसुद्धा. घोड्याची प्लीहा हे लाल पेशींचं कोठार आहे. निवांत असताना लाल पेशींचा मोठा साठा तिच्यात पडून असतो. भीतीनं ॲड्रिनलिन उसळलं की प्लीहा आकसते आणि तो साठा रक्तात ओतते, म्हणजे पळणाऱ्या स्नायूंना भरपूर प्राणवायू मिळेल. रक्तातला पेशींचा हिस्सा एरवी शंभरात पस्तीस-चाळीस असतो. भरधाव दौडीत तो साठच्या वर जातो, आणि नुसत्या घाबरण्यानंही बराच चढतो. आता कल्पना करा: रक्तक्षय आहे का हे पाहायला डॉक्टर आलेत, घोडा बुजलाय, दोघांनी धरून त्याचं रक्त काढलं. प्रयोगशाळेचा अहवाल येतो, पेशी भरपूर आहेत, काळजी नको. तो अहवाल घोड्याच्या आजाराचा नसून त्याच्या त्या दोन मिनिटांच्या भीतीचा असू शकतो. साखर आणि पांढऱ्या पेशींचे आकडेही असेच हलतात. घोड्याला न घाबरवणं हा चांगुलपणाचा भाग आहेच, पण बिनचूक निदानाचीही ती अट आहे.

महाराष्ट्रात घोड्याच्या रक्ताचा विषय आला की मला सापांची आठवण होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या दंशावरचं जे प्रतिविष आपल्या ग्रामीण रुग्णालयांत टोचलं जातं ते घोड्यांच्या रक्तातून येतं. घोड्याला विषाचे अगदी लहान डोस देत देत वाढवतात, त्याच्या शरीरात प्रतिद्रव्यं तयार होतात, मग मानेच्या शिरेतून रक्त घेऊन त्यातला द्रव वेगळा काढतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेनं हे काम अनेक दशकं केलं. पुण्यात १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली तीही घोड्यांची पैदास करणाऱ्या पूनावाला घराण्यातून, आणि तिचं सुरुवातीचं काम घोड्यांच्या रक्तातून धनुर्वातावरचं सीरम बनवण्याचं होतं. ज्वारीच्या रानात फुरसं चावलेला माणूस वाचतो तेव्हा त्यामागे एक घोडा असतो. त्याच्या मानेत आयुष्यात अनेकदा सुई गेलेली असते. त्या मानेला सुईची भीती वाटते की नाही, हा प्रश्न आपल्यासाठी परका नाही.

औषध देऊन गुंगवणं हा मार्ग आहेच. झायलाझिन हे द्रव्य १९६२ साली जर्मनीत माणसाच्या रक्तदाबासाठी शोधलं गेलं आणि पुढे जनावरांच्या डॉक्टरांचं हुकमी औषध झालं. डेटोमिडिन त्याचंच भावंड. ही औषधं मेंदूतला नॉरॲड्रिनलिनचा नळ बंद करतात. पण घोडा आधीच बिथरला असेल, शरीरात ॲड्रिनलिनचा लोंढा सुटला असेल, तर नळ बंद करून काय उपयोग? म्हणून अनुभवी डॉक्टर औषध आधी देतात, मग काही मिनिटं घोड्याला एकटं, शांत ठेवतात आणि आजूबाजूच्या लोकांना गप्प बसवतात. घाई करणाऱ्याला वाटतं औषधच कुचकामी. शिवाय पेंगणारा घोडाही अचानक लाथ झाडतो, आणि ती नेमकी बसते. पूर्ण भूल त्याहून जोखमीची. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, चाळीस हजारांहून अधिक घोड्यांच्या पाहणीत पोटशूळ नसलेल्या घोड्यांतही शंभरामागे जवळपास एक दगावल्याचं दिसलं. काही घोडे शस्त्रक्रियेतून सुखरूप निभावतात आणि शुद्धीवर येताना पाय मोडून घेतात. आडवा पडलेला घोडा म्हणजे मेलेला घोडा, हे माळरानानं शिकवलेलं अर्धवट शुद्धीतही विसरलं जात नाही. ते पाय सावरण्याआधीच उठू पाहतात.

पण घोड्याकडेच दुसरं एक दार आहे, आणि ते दोन घोडे रोज एकमेकांसाठी उघडतात. शेजारी उलट तोंडांनी उभं राहून ते एकमेकांची मान दातांनी खाजवतात. त्यातही मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथली जागा त्यांची खास आवडीची. दक्षिण फ्रान्समधल्या कमार्गच्या दलदलीत क्लॉडिया फे आणि द माझिएर यांनी १९९३ साली त्याच जागेवर माणसाच्या हातानं खाजवून पाहिलं. नाडी उतरली. दुसरीकडे खाजवलं तर उतरली नाही. त्या जागेच्या आसपास स्वायत्त मज्जासंस्थेची एक मोठी गाठ आहे. म्हणजे शांत होण्याची कळ शरीरावरच आहे, आणि ती दाबायला पीळ लागत नाही, फक्त बोटं लागतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात वॉटसन आणि मॅकडॉनल यांनी उपचारांची नक्कल करताना खाजवणं आणि खाऊ घालणं यांचा उपयोग तपासला. घोड्यांचा ताण कमी झाला आणि काम करणंही सोपं झालं.

त्या बोटांच्या मालकाचं काय? स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग यांनी माणसांना घोडा धरून एका ठरावीक मार्गानं न्यायला सांगितलं आणि शेवटच्या फेरीआधी बजावलं, आता वाटेत घोड्यासमोर छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्यांना छत्रीचा पत्ताच नव्हता त्या घोड्यांचेही वाढले. लगामातून, पावलांतून, श्वासातून, कशातून तरी ते पोचलं. सुई घेऊन येणारा डॉक्टर, मोरकी धरलेला मोतद्दार आणि घोडा या तिघांपैकी कुणाची भीती आधी सुरू झाली, हे बाहेरून सांगता येणार नाही. मात्र ज्याला कळतं त्यानं आधी आपला श्वास सावकाश करावा, खरारा बाजूला ठेवून आयाळीच्या शेवटाशी बोटं फिरवावीत, खालचा ओठ थरथरू लागेपर्यंत थांबावं, आणि मग डॉक्टरांना पुढे यायची खूण करावी.